आईच्या नावाने मी दिलेली उत्तरं

आमच्या घरात कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी दहावी झाले तेव्हापासूनची ही रीत आहे. रेशन कार्डाचा अर्ज, बँकेची केवायसी, मोबाइलवरची ई-पीक पाहणी, शेजारच्या काकूंचा गॅसचा फॉर्म, सगळं. आमचं गाव वलगावच्या पुढे आहे आणि आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. शनिवारी गावी गेले की आधी चहा मिळतो, मग कागद.

मला हे काम आवडतं, हे आधीच सांगते. घरातल्या चौघांचे आधार नंबर मला तोंडपाठ आहेत, जन्मतारखा तर आहेतच. त्यामुळे फॉर्म भरताना कोणाला काही विचारावं लागत नाही. मी भरते, आईपुढे ठेवते, आई सही करते. ती सहीसुद्धा मीच तिला शिकवली आहे.

गेल्या हिवाळ्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाही कागद माझ्याकडेच आले. चार महिन्यांपासून तिला उजव्या बरगडीखाली दुखायचं, जेवण झालं की जास्त. सोनोग्राफीत खडे निघाले. अकोल्याला जठारपेठेत माझा मामा राहतो. त्याच्या घरापासून जवळच एका ट्रस्टचा दवाखाना आहे. मामीला डबा पाठवायला सोपं, म्हणून अमरावती सोडून अकोला. कापूस वेचणीला आला होता, बाबांना निघता येत नव्हतं. मी कॉलेजात अर्ज दिला आणि मंगळवारी सकाळच्या एसटीने आईला घेऊन निघाले. गाडीत आई खिडकीशी बसून प्रत्येक शेतातला कापूस पाहत होती आणि कोणी वेचायला उशीर केला ते मला सांगत होती. ऑपरेशनबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

दवाखान्यात भरती होताना चार पानांचा फॉर्म दिला. मी काउंटरसमोरच्या बाकावर बसून दहा मिनिटांत तो भरला. याआधीचे आजार: नाही. सध्या चालू असलेली औषधे: नाही. ॲलर्जी: नाही. बाळंतपणे: दोन. आई माझ्या शेजारीच पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. विचारायला हवं हे माझ्या मनातही आलं नाही. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म चाळला आणि म्हणाला, "अक्षर छान आहे." मला फार बरं वाटलं.

बायकांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या. आईची खिडकीजवळची. शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरकडची एक आजी होती, तिचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि वॉर्डात कोण का आलं आहे हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. आम्ही सामान लावतो तोवर तिने आईचं गाव, शेती आणि खडे विचारून घेतले.

दिवसपाळीला एक सिस्टर होत्या, पंचेचाळिशीच्या. बोलण्यावरून आमच्याच बाजूच्या वाटत होत्या. पुढे कळलं की माहेर तिवस्याचं. त्या गोड बोलणाऱ्या नव्हत्या. भेटायला आलेली माणसं खाटेवर बसली की म्हणायच्या, "खाट पेशंटची हाये, तुमची नाई. उठा." त्या आईजवळ वही घेऊन आल्या आणि विचारलं, "आणखी काही त्रास होतो का?"

मी म्हणाले, "फक्त पोटात दुखतं. जेवणानंतर वाढतं. बाकी काही त्रास नाही."

"मी त्यांना विचारलं," सिस्टर म्हणाल्या.

आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे सांगते ना ते बरोबर हाये."

सिस्टर आणखी काही विचारणार होत्या, पण पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं सलाइन संपलं होतं, त्या तिकडे गेल्या. मला थोडा राग आला. मी काही चुकीचं सांगितलं नव्हतं, शिवाय चांगल्या मराठीत सांगितलं होतं. डॉक्टरांशी, साहेबांशी बोलताना मी वऱ्हाडी बोलत नाही. आई बोलते, म्हणून तिच्याऐवजी मी बोलते. तेव्हा मला यात काही वावगं दिसत नव्हतं.

ऑपरेशन शुक्रवारी होतं. बुधवारी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. बुधवारी संध्याकाळपासून आई गळून गेली. मामीने बिनतेलाची मुगाची खिचडी पाठवली होती, ती तिने दोन घास खाऊन ठेवली. शेजारची आजी म्हणाली, "बिना तेलाचं खाऊन मानूस बरा होत असता तं बैल कदी बिमार पडला नसता." आई हसली, पण उठून बसली नाही. गुरुवारी तिला उलटी झाली, उभं राहिलं की चक्कर येत होती. बी.पी. कमी भरला. फेरीला आलेल्या तरुण डॉक्टरांनी सलाइन लावायला सांगितलं. खड्यांमुळे होतं असं, ते म्हणाले, उद्या खडेच निघतील. मला पटलं. सिस्टरनी मात्र संध्याकाळी घरी जाण्याआधी पुन्हा बी.पी. मोजला, पुन्हा तेवढाच आला, आणि त्या फाइलकडे बघत उभ्या राहिल्या.

शुक्रवारी सकाळी आईने हिरवा गाऊन घातला. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून मी रुमालात बांधली. यादीत तिचा नंबर दुसरा होता. सिस्टर सात वाजता कामावर आल्या आणि थेट आमच्याकडे आल्या. सुई लावायला त्यांनी आईचा हात हातात घेतला. दंडावर, मनगटावर निळे डाग होते, बुधवारी रक्त काढलं तिथे तर वाटीएवढा. सिस्टरनी तिच्या हातावरची कातडी बोटाने हळूच सरकवून पाहिली. मग मला म्हणाल्या, "आईचं आधार कार्ड हाये काय? झेरॉक्स नको. कार्ड दाखव."

कार्ड माझ्या प्लास्टिकच्या पाकिटात होतं. त्यांनी ते आईच्या चेहऱ्याजवळ धरलं.

"हा फोटो कदीचा?"

"दोन वर्षांपूर्वीचा. मीच अपडेट करून घेतला होता, वलगावला जाऊन."

फोटोत आईचा चेहरा लांबट होता, गालफडं बसलेली. समोर खाटेवर तिचा चेहरा गोल होता, गाल भरलेले. गावात सगळे म्हणायचे की पोरगी कॉलेजात गेल्यापासून हिची तब्येत सुधारली. मलाही तसंच वाटायचं. अभिमानच वाटायचा.

"तोंड एवढं भरलं, अन् हात काड्यावानी," सिस्टर पुटपुटल्या. मग मला म्हणाल्या, "जाय, बाटली भरून आण पाण्याची."

बाटली भरलेलीच होती. त्यांनाही ती दिसत होती. आईला तर सकाळपासून पाणीही द्यायचं नव्हतं. मी बाटली उचलली आणि बाहेर निघाले. सिस्टरनी खाटेभोवतीचा पडदा ओढला. मी खरंच नळाकडे जायला हवं होतं, पण पडद्याबाहेर दोन पावलांवर थांबले. याची मला लाज वाटते, पण थांबले नसते तर पुढचं मला कधीच कळलं नसतं.

आत स्टूल सरकवल्याचा आवाज आला. सिस्टर खाली बसल्या असाव्यात.

"गुडघे लय दुखत असतीन ना, माय. वेचणीच्या दिवसात तं लयच."

आत खाट करकरली.

"गुडघ्यासाठी काय घेता?"

मग आई म्हणाली, "कोनाले सांगसान तं नाई?"

"डॉक्टरले सांगा लागन. बाकी कोनाले नाई सांगत."

"पुडी घेतो मी. बजारात एक मानूस येते, त्याच्याजवळून."

"रोज?"

"रोज एक. वेचणी असली का दोन. दोन वर्स होईन आता. घेतली का मी पळतो पाहा, पोरीसारखी पळतो."

"अन् इथं आल्यावर घेतली काय?"

"नाई. सोमवारी घेतली, त्याच्यानंतर नाई. संगं पोरगी हाये ना. रागावते ते. एक डाव तिनं साऱ्या पुड्या उकिरड्यावर फेकून देल्त्या."

ते खरं होतं. बारावीत असताना मी फेकल्या होत्या. जीवशास्त्राचं पुस्तक हातात घेऊन तिच्यापुढे उभी राहिले होते आणि म्हणाले होते, अशा पुड्या खाऊन किडन्या जातात, तुला समजत कसं नाही. आई काही बोलली नव्हती. मला वाटलं होतं, तिला पटलं आणि तो विषय तिथेच संपला. तिचे गुडघे त्यानंतर दुखतात का, हे मी कधी विचारलं नाही. दुखत असते तर तिने सांगितलं असतं, असं मी धरून चालले होते.

पडदा उघडला. सिस्टरच्या हातात एक छोटी कागदाची पुडी होती, आईच्या पिशवीतून काढलेली. माझ्या हातातली बाटली त्यांनी पाहिली. "भरली काय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. ढकलणाऱ्या दोघांनी नाव विचारलं आणि सिस्टर म्हणाल्या, "थांबा. हा पेशंट आत्ता जात नाही."

मग पुढचा अर्धा तास फार लांबला. सिस्टरनी ऑपरेशन थिएटरला फोन लावला. भूल देणाऱ्या मॅडम पहिल्या पेशंटबरोबर आत होत्या. थोड्या वेळाने तरुण डॉक्टर भराभर आले. ते वाईट नव्हते, रात्रभर जागे असावेत, डोळे लाल होते.

"सिस्टर, पेशंट खाली का नाही आला?"

सिस्टरनी त्यांना सगळं सांगितलं. गोल चेहरा, डाग, दोन वर्षांच्या पुड्या, सोमवारनंतर एकदम बंद, तेव्हापासून उलट्या आणि कमी बी.पी. "पुडीत स्टेरॉइड असणार, सर," त्या म्हणाल्या. "अशा पुड्यांत बहुतेक वेळा निघतं. भुलीच्या मॅडमना कळल्याशिवाय कसं पाठवू?"

"असणार म्हणजे तुमचा अंदाज. सिस्टर, लिस्ट तुम्ही ठरवता का?"

"लिस्ट नाही ठरवत. पेशंट तयार करून पाठवते. हा तयार नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या आईच्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या, एक हात खाटेच्या दांडीवर होता.

डॉक्टरांनी फाइल उघडली. "हे बघा ना. 'सध्या चालू असलेली औषधे: नाही.' स्वच्छ लिहिलं आहे. मुलगी शिकलेली आहे."

मामा तेवढ्यात पोचला होता, सुट्टी काढून आला होता. तो म्हणाला, "हो ना. आमची भाची सायन्सले हाये. तिले ठाऊक नसंन काय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. आईसुद्धा. आईच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती ऑपरेशनची नव्हती. ती माझी होती. मी रागावेन याची. हे मला तेव्हा दिसलं आणि अजूनही डोळ्यांसमोरून जात नाही.

चार लोकांपुढे बोलायला मला भीती वाटते. वर्गातसुद्धा उत्तर येत असून मी हात वर करत नाही. पण फॉर्म माझ्या अक्षरात होता, दुसरं कोणी काय सांगणार. मी म्हणाले, "ते मी लिहिलं. आईले न विचारता लिहिलं. मले माहीतच नव्हतं." घाईत वऱ्हाडीच निघालं तोंडातून. मग म्हणाले, "ती घेते. सिस्टर बरोबर सांगून राहिल्या."

डॉक्टरांनी सिस्टरच्या हातून पुडी घेतली, उघडून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम बाहेर आल्या की मी स्वतः बोलतो." आणि तसे ते बोललेही.

मामाचा राग मात्र उतरला नव्हता. "एवढं शिकून फायदा काय मंग," तो मला म्हणाला, "मायच्या पिशवीत काय हाये थे नाई मालूम तुले." शेजारच्या आजीने खाटेवरून त्याला विचारलं, "तुमच्या मायच्या पिशवीत काय होतं, तुमाले मालूम होतं काय, भाऊ?" मामा चहा प्यायला निघून गेला.

भूल देणाऱ्या मॅडम साडेदहाला वॉर्डात आल्या, मास्क हनुवटीखाली ओढलेला. सिस्टर त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "मले सांगितलं ना, तसंच सांगा मॅडमले." आईने सांगितलं. आधी थोडं अडखळत, मग बाजारातला माणूस कुठे बसतो इथपर्यंत सगळं. मॅडमनी तिला मध्येच तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आज नाही करायचं." मग मला बाजूला घेऊन समजावलं की बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं; एकदम बंद केलं आणि त्यात भूल दिली, तर बी.पी. असा बसू शकतो की वर आणणं कठीण. "बरं झालं, सिस्टरनी थांबवलं," त्या म्हणाल्या. सिस्टर तोपर्यंत पलीकडच्या खाटेवरची चादर बदलत होत्या.

मी बाबांना फोन केला. ते शेतात होते, मागे वेचणाऱ्या बायांचा आवाज येत होता. मला वाटलं तेही चिडतील. सगळं ऐकून ते म्हणाले, "थांबा म्हनतेत तं थांबा. विहिरीत उतरायच्या आंधी दोर पायतोच ना आपन." आणि मग, जरा थांबून, "तिले बोलू नको तू काई."

त्याच दिवशी तपासण्या झाल्या, मोजून मापून गोळ्या सुरू झाल्या, आणि शनिवारी सकाळी आई उठून बसली. चहा मागितला. खिचडी सगळी खाल्ली आणि मामीने मीठ कमी घातलं होतं असं म्हणाली. आई तक्रार करते आहे हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच खिडकी पुसली.

फेरीच्या वेळी मोठे डॉक्टर आले. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, दहा दिवसांनी ऑपरेशन घ्यायचं, पुडी पुन्हा हातात धरायची नाही, असं सगळं सांगून ते निघाले, तेव्हा आई हळूच म्हणाली, "मंग माया गुडघ्याचं काय?" डॉक्टर दोन पावलं पुढे गेले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. सिस्टरना गेलं. "सर," त्या म्हणाल्या, "पेशंट विचारतेत, गुडघ्याचं काय. पुडी बंद केली तर दुखणार. दुखलं तर पुन्हा पुडी घेणार. हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं लिहून द्या ना." डॉक्टर परत आले. त्यांनी आईचे दोन्ही गुडघे वाकवून पाहिले आणि लिहून दिलं. आपले गुडघे एवढे महत्त्वाचे आहेत याचं आईलाच नवल वाटत होतं.

दुपारी वॉर्ड शांत असताना मी आईजवळ बसले. माफी मागावी असं वाटत होतं, पण आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागत नाही, कशी सुरुवात करायची तेच कळेना. मी विचारलं, "आई, आणखी काय काय घेतेस तू?"

"पोलीस झाली काय तू," ती म्हणाली.

मग तिनेच विचारलं, "त्या कागदावर काय काय इचारते?"

सिस्टरकडून मी कोरा फॉर्म मागून आणला. पहिल्या ओळीपासून एकेक प्रश्न वाचला आणि ती सांगेल ते लिहिलं. ॲलर्जी म्हणजे काय ते सांगितल्यावर ती म्हणाली, एकदा दातासाठी गोळी घेतली होती, अंगभर चट्टे उठले होते. मला ते ठाऊक नव्हतं. मग बाळंतपणांचा रकाना आला. मी दोन लिहायला पेन टेकवलं होतं.

"तीन," आई म्हणाली.

मी पाहिलं तिच्याकडे.

"तुया आंधी एक होती. आठ दिवस जगली." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, कापसाबद्दल बोलावं तसं. "लिही."

मी तीन लिहिलं. शेजारची आजी, जिला सगळं ऐकू जात असे, ती छताकडे पाहत म्हणाली, "माये सात. पाच हायेत. कोनी इचारलं नाई आजलोक." मग आई आणि आजी बराच वेळ बोलत राहिल्या आणि मी पेन बंद करून ऐकत बसले.

संध्याकाळी मी तो नवा फॉर्म सिस्टरना नेऊन दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, दाताच्या गोळीजवळ लाल पेनाने खूण केली. मी म्हणाले, "मला तुमचे आभार मानायचे होते." त्या म्हणाल्या, "तुमच्यासारख्या शिकलेल्या पोरायचाच लय तरास हाये मले. पेशंटच्या तोंडात शब्द येऊच देत नाई." त्या हसत होत्या, पण खोटं बोलत नव्हत्या. मी विचारलं, डॉक्टरांसमोर तसं उभं राहायची भीती नाही वाटत का. "वाटते ना," त्या म्हणाल्या. "अंदाज चुकला असता तं दिवसभर बोलनं खाल्लं असतं." आणि औषधाची गाडी ढकलत पुढे गेल्या.

आम्ही दहा दिवस मामाकडे राहिलो. मामाने आईला एका शब्दाने दुखावलं नाही, मला मात्र रोज "काय डॉक्टरीनबाई" म्हणून हाक मारली. दहा दिवसांनी पुन्हा तोच वॉर्ड, वेगळी खाट. ऑपरेशनच्या सकाळी भुलीच्या मॅडमनी विचारलं, "काही औषध चालू आहे?" माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटले. आईने गोळीचं नाव सांगितलं, जरा वाकडं पण ओळखू येईल असं, सकाळी किती आणि संध्याकाळी किती ते सांगितलं, आणि दाताची गोळी चालत नाही तेही सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं. मग तिला आत नेलं. मी आणि मामा बाकावर बसलो. दीड तासाने दार उघडलं आणि तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "छान झालं. बी.पी. एकदाही हलला नाही." मामाने त्यांना हात जोडले. मी बाकावर बसूनच राहिले.

घरी सोडण्याच्या दिवशी सिस्टर गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी पाकीट आईच्या हातात दिलं आणि तिलाच समजावलं: ही पाच दिवस अख्खी, मग पाच दिवस अर्धी, मग डॉक्टरला विचारून. एकदम बंद करायची नाही. "आता तुमी सांगा," त्या म्हणाल्या.

आईने सांगितलं, पण अर्धी आधी आणि अख्खी नंतर. मला सांगायचा मोह झाला. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा आई दिवस चुकली. तिसऱ्यांदा तिने बोटं मोजत, डोळे मिटून, सगळं बरोबर सांगितलं.

"आता कोनी इचारलं तं?" सिस्टर म्हणाल्या.

"तं मी सांगन," आई म्हणाली.

ऑटोत बसल्यावर मामाने मला विचारलं, "काय, गोळ्या कशा घ्यायच्या?" मी आईकडे पाहिलं. आईने मांडीवरचं पाकीट उघडलं आणि त्याला समजावून सांगायला सुरुवात केली, आणि मामाचं घर येईपर्यंत ती सांगतच होती.